बघितला नाही, ऐकलाय

बीड जिल्ह्यातले एक निवृत्त एस.टी. कंडक्टर 'शोले'चे संवाद सुरुवातीपासून म्हणून दाखवतात. गब्बरचा आवाज, सांभाचं तीन शब्दांचं उत्तर, मधली घोड्यांची टाप, माउथ ऑर्गन, सगळं तोंडानं. डेपोतल्या पोरांनी त्यांच्याकडून हा खेळ कितीदा करून घेतला असेल त्याला गणती नाही. मी विचारलं, "काका, किती वेळा बघितलात?"

"बघितला न्हाई. ऐकलाय."

त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता. शहरात सिनेमा लागला तेव्हा यांची मुक्कामी गाडी. पुढं पॉलिडोरनं सिनेमाच्या संवादांची तबकडी काढली आणि त्यामागून कॅसेट आल्या. लग्नाच्या मांडवात, गणपतीत, हॉटेलातल्या टेपवर, जिथं कर्णा तिथं 'शोले'. गाण्यांइतकेच संवाद विकले जावेत असं आपल्याकडं तोवर फारसं घडलं नव्हतं. काका म्हणाले, "समदं पाठ झाल्यावर बघायचं काय ऱ्हायलं? आन् माझ्या डोक्यातला गब्बर निराळाय. त्यो काळाकुट्ट, उघडा, आमच्याकडच्या पैलवानावानी."

या लेखासाठी मी ज्यांना ज्यांना भेटले त्यांना एकच विचारत होते: सगळ्यांनी बघितलेला असा कुठला सिनेमा तुम्ही बघितला नाही, आणि का? वेळ मिळाला नाही, कंटाळा येतो, तिकीट महाग, अशी उत्तरं पुष्कळ मिळाली. ती बाजूला ठेवते, कारण ती न पाहिलेल्या नाटकाला आणि न वाचलेल्या पुस्तकालाही लागू पडतात. उरलेली उत्तरं मात्र ऐकण्यासारखी होती. एखादा गाजलेला सिनेमा न बघण्यामागं माणसाचं घर असतं, जात असते, नोकरीची पाळी असते, कधी एखादं दुखणं असतं. बघणाऱ्यांची कारणं सगळी सारखी निघतात. न बघणाऱ्यांना ज्याचं त्याचं कारण असतं.

'शोले'ची एक गंमत आधी सांगून टाकते. १५ ऑगस्ट १९७५ला तो लागला, मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं टिकला, आणि तरी त्या पाच वर्षांत ज्यांनी ज्यांनी तो बघितला त्यांनी रमेश सिप्पींनी आधी चित्रित केलेला शेवट बघितलाच नाही. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणी होती, निवृत्त पोलीस अधिकारी कायदा हातात घेतो हे सेन्सॉरला रुचलं नाही. मग पोलीस ऐन वेळी पोचतात तो शेवट नव्यानं चित्रित झाला. जुना शेवट जोडलेली, नीट दुरुस्त केलेली प्रत २०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या चौकात पडद्यावर आली. म्हणजे पन्नास वर्षं टॉकीजात बघणारा अख्खा देश आणि आमचे कंडक्टरकाका यांच्यात फरक होता तो अंशाचा.

मराठी माणूस सिनेमा कानानं बघतो, असं मला या निमित्तानं वारंवार वाटलं. 'जैत रे जैत' घ्या. १९७७चा सिनेमा, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेलांनी केलेला, गाणी ना. धों. महानोरांची, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. कोजागिरीच्या गच्चीवरच्या मैफलीत ही गाणी होत नाहीत असं वर्ष जात नाही. ती गाणाऱ्यांना मी विचारत गेले, की नाग्या कोण, चिंधी कोण, डोंगरावर काय घडतं? ठाकरांची गोष्ट आहे एवढं बहुतेकांना माहीत होतं. पोळ्यातल्या राणीमाशीनं नाग्याचा डोळा घालवला आणि त्या सुडासाठी तो लिंगोबाच्या डोंगरावर चढतो, हे ठाऊक असलेले फार थोडे निघाले. एक गायिका तर म्हणाल्या, "ते बघून माझं गाणं बिघडेल अशी भीती वाटते." स्मिता पाटील आणि मोहन आगाशे ज्यात आहेत तो सिनेमा न बघण्याचं हे कारण मला मुळीच पटलं नाही, पण त्यांनी ते इतकं मनापासून सांगितलं की वाद घातला नाही.

'सामना'चं आणखी वेगळं. तेंडुलकरांनी लिहिलेला १९७४चा हा सिनेमा पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्यातला मास्तर जो प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं, तो सिनेमातून निघाला आणि विधानसभेत, अग्रलेखांत, ग्रामसभेत राहायला गेला. एखादी चौकशी दडपली गेली की हा प्रश्न आजही मथळ्यात येतो. मंत्रालयाची बातमीदारी करणाऱ्या एका तरुणानं त्याच्या बातमीला हाच मथळा दिला होता. सिनेमात मारुती कांबळेचं काय झालेलं असतं, असं मी त्याला विचारलं. तो हसला. "मॅडम, तेच तर कुणाला कळलं नाही ना?" सिनेमात ते कळतं. 'सिंहासन'ची अवस्था तीच. २०१९च्या त्या पहाटेच्या शपथविधीनंतर आणि २०२२च्या बंडाच्या दिवसांत त्याचे तुकडे फोनवरून फोनवर फिरत होते. ते तुकडे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा तो पूर्ण सिनेमा बसून बघितला असेल, याचा अंदाज करायची माझी तयारी नाही.

आता सांगलीकडचे बँडवाले.

ब्रास बँडमध्ये कॉर्नेट वाजवणारे, पन्नाशी ओलांडलेले. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ला लागला आणि त्या लग्नसराईपासून आजपर्यंत 'झिंगाट' वाजवल्याशिवाय त्यांची एकही वरात पुढं सरकलेली नाही. "पोरं रस्त्यातच बसत्यात. झिंगाट लाव मगच उठतो म्हणत्यात." सिनेमा मात्र बघितलेला नाही. बँडमधले बाकीचे सगळे बघून आले, घरचे बघून आले, टीव्हीवर लागला की हे अंगणात जाऊन बसतात.

का, ते सांगायला त्यांनी बराच वेळ घेतला. चहा झाला, पान झालं. मग म्हणाले, "माझ्या थोरल्या पोरीनं परजातीत लगीन केलंय. पळून न्हाई, आम्हाला सांगून केलंय. जावई गुणाचा हाय. पर त्याच्या घरच्यास्नी अजून पटलेलं न्हाई. शेवटाला आवाज न्हाई म्हणत्यात पिच्चरला. बारकं प्वार रडत भाईर येतंय म्हणत्यात. मला सगळं ठाव हाय. ठाव असलेलं बघायचं कशाला?"

नागराज मंजुळेंनी त्या शेवटच्या दृश्यातला आवाज काढून घेतला, यावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिलं. चित्रपटगृहात त्या शांततेनं लोक सुन्न होऊन बसायचे हे मीही पाहिलंय. पण ती शांतता या माणसाइतकी कुणाच्या घरात शिरली असेल असं वाटत नाही, आणि यांनी तो सिनेमा बघितलेलाच नाही. मराठीत शंभर कोटींचा टप्पा गाठणारा पहिला सिनेमा म्हणून 'सैराट'ची नोंद होते. त्या आकड्यात यांचं तिकीट नाही. त्याचं गाणं मात्र यांच्याइतकं क्वचितच कुणी वाजवलं असेल.

दुःख नको म्हणून न बघणाऱ्यांची संख्या माझ्या अपेक्षेपेक्षा मोठी निघाली. 'श्वास' हा त्यातला ठरलेला सिनेमा. २००४ साली त्याला सुवर्णकमळ मिळालं, 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला मिळालेलं. ऑस्करला भारतातर्फे तो गेला आणि तिथल्या प्रचाराच्या खर्चासाठी महाराष्ट्रात लोकवर्गणी निघाली. तेव्हा पैसे देणाऱ्या, पण सिनेमा न बघणाऱ्या एक बाई मला ठाण्यात भेटल्या. कोकणातल्या लहान मुलाच्या डोळ्याला कर्करोग, ऑपरेशननं जीव वाचेल पण दृष्टी जाईल, आणि ते त्याला कुणी सांगायचं, ही त्या सिनेमाची गोष्ट. या बाईंच्या भाच्याचे उपचार त्याच सुमारास परळला चालू होते. "आम्ही तो बिनतिकिटाचा बघत होतो," एवढंच म्हणाल्या. वर्गणी का दिली मग? "सिनेमा चांगला आहे म्हणत होते ना सगळे."

'श्यामची आई' न बघण्याची कारणं दोन प्रकारची. एक, रडू येतं. हे सांगणारे बहुतेक पुरुष आणि बहुतेक साठीच्या पुढचे. दुसरं कारण मला दापोलीजवळच्या एका निवृत्त शिक्षिकेनं दिलं. साने गुरुजींचं पालगड तिथून जवळ. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेलं ते पुस्तक बाईंनी नोकरीभर वर्गात मोठ्यानं वाचलं, दर शनिवारी एक रात्र. अत्र्यांचा १९५३चा सिनेमा त्यांनी शाळेत मुलांना दाखवला. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलं सुवर्णपदक ज्याला मिळालं तो हा सिनेमा, असं त्यांनी फळ्यावर लिहिलंही. पडदा लागला की स्वतः मात्र बाहेर व्हरांड्यात उभ्या राहायच्या. "वनमालाबाई फार थोर. पण माझ्या कानातली आई आमचा हेल काढून बोलते. एकदा का पडद्यावरची बघितली की ही गेली. मग पुढच्या वर्षी वर्गात कुणाच्या आवाजात वाचू?" आजवर ऐकलेल्यांत मला पूर्ण पटलेलं कारण हे एकच.

घरच्या बंदीपायी राहिलेले सिनेमे हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याच्या मध्यभागी दादा कोंडके उभे आहेत. 'सोंगाड्या' १९७१चा. दादरच्या कोहिनूर टॉकीजमध्ये त्याला जागा मिळेना, तिथं देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लागायचा होता, तेव्हा बाळासाहेब ठाकऱ्यांची शिवसेना रस्त्यावर उतरली ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पुढं 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार'. रौप्यमहोत्सवांची रांगच लागली आणि गिनीज बुकात नोंद झाली. एवढं यश, आणि तरी पुण्यामुंबईच्या पांढरपेशा घरांत चाळिशीच्या पुढच्या बाईला विचारा, दादांचा सिनेमा टॉकीजात जाऊन बघितलेली सापडणं कठीण.

पुण्यातल्या एका वाड्यात वाढलेल्या आजी सांगत होत्या, "टॉकीजवरून टांगा जायचा तेव्हा वडील म्हणायचे, पलीकडे बघा. आम्ही पलीकडे बघायचो. पलीकडे लाकडाची वखार होती." त्यांच्याकडं धुणंभांडी करणाऱ्या बाई मात्र नवा सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात जायच्या आणि परत येऊन मोरीत भांडी घासता घासता गोष्ट सांगायच्या. आजींनी दादांचे सगळे सिनेमे असे मोरीच्या उंबऱ्यावर बसून ऐकले. वडील पूजेत असायचे.

द्व्यर्थी संवाद हे बंदीचं सांगितलेलं कारण. ते खोटं नव्हतं. पण राज कपूरच्या सिनेमातल्या ओल्या साडीला हीच घरं कला म्हणत होती, हेही तितकंच खरं. ढगळ चड्डी, लोंबती नाडी, गावरान बोली, वगातला सोंगाड्या हे आपल्या दिवाणखान्यात नको, अशी ती अडचण होती, असं माझं मत आहे. शांतारामबापूंचा 'पिंजरा' १९७२चा. त्यातही तमाशाच आहे, पण तो शांतारामांचा आणि शेवटी मास्तरांची धूळधाण दाखवणारा, म्हणून थोड्या घरांत परवानगी मिळाली. तीही पुरुषांना. गंमत अशी की त्या वेळी बंदी घालणारे काही जण आता दुपारी कानात इअरफोन घालून फोनवर 'पांडू हवालदार' बघतात. नातवंडांनी सांगितलं म्हणून कळलं.

कुणी विचारलंच तर "हो हो, बघितलाय ना" म्हणणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. फिल्म सोसायटीच्या वर्तुळात 'पाथेर पांचाली' बघितला नाही असं कबूल करणं सोपं नाही, त्यामुळं तिथली उत्तरं मी धरलीच नाहीत. काशाच्या फुलांतून धावणारी मुलं आणि आगगाडी, एवढं छायाचित्रात सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. त्यावर निभावतं.

त्या मानानं गांधीजी सरळ. १९२७-२८च्या सुमारास सरकारच्या सिनेमाविषयक समितीनं त्यांना प्रश्नावली पाठवली, तर उत्तर आलं की मी कधी सिनेमाला गेलेलोच नाही, पण बाहेरून बघणाऱ्यालाही त्यानं केलेलं नुकसान दिसतं. १९३१ला लंडनला चार्ली चॅप्लिन भेटायला येणार म्हटल्यावर हा कोण, हे त्यांना सांगावं लागलं. जगातला सगळ्यात ओळखीचा चेहरा समोर बसलेला, आणि यांनी त्याचा एकही सिनेमा पाहिलेला नाही. बोलणं झालं ते यंत्रांवर. पुढं १९४४ला तुरुंगातून सुटून जुहूला विश्रांती घेत असताना त्यांनी विजय भट्टांचा 'रामराज्य' बघितला. सीता होत्या शोभना समर्थ. त्यानंतर त्या सिनेमाच्या जाहिरातीत गांधीजींनी पाहिलेला सिनेमा हे बिरूद कायमचं लागलं.

काही सिनेमे आपण होऊन सुटत नाहीत, ते आपल्याला सोडायला लावले जातात. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' व्हेनिसला दोन पुरस्कार घेऊन आला, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला आणि एप्रिल २०१५ला प्रदर्शित झाला. त्याच महिन्यात मल्टिप्लेक्सनी संध्याकाळी सहा ते नऊच्या वेळात मराठी सिनेमा लावलाच पाहिजे, असं राज्य सरकारनं जाहीर केलं होतं. मोठा गदारोळ झाला आणि ती वेळ ताणून दुपारी बारा ते रात्री नऊ केली गेली. कामावर जाणाऱ्या माणसाला दुपारी बाराच्या खेळाचा उपयोग काय, हा प्रश्न तिथंच राहिला. अकोल्यातल्या एका वकिलांना 'कोर्ट' बघायचाच होता. जवळ लागला नाही, लागला तिथं वेळ जमली नाही, आणि जमली तेव्हा उतरला होता. "खटल्यासारखंच झालं, पुढची तारीख, पुढची तारीख," ते म्हणाले. मोठ्या शहरांबाहेर परिस्थिती याहून वाईट. तालुक्याच्या कितीतरी गावांत टॉकीजचं मंगल कार्यालय झालं, कुठं गोदाम. जत्रेतला तंबू आला तर एक कनात, बायकांची बाजू वेगळी, आणि गावातल्या सुना त्या बाजूलाही दिसायच्या नाहीत. लग्नानंतर पडद्यावर एकही सिनेमा न बघितलेल्या बायका मला भेटल्या. कुठला सिनेमा राहिला, हा प्रश्न त्यांना विचारताना माझी मलाच लाज वाटली.

याच्या अगदी उलट कारण मुंबई सेंट्रलला मिळालं. तिथल्या मराठा मंदिरात 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' ऑक्टोबर १९९५पासून चालू आहे; टाळेबंदीत पडलेला खंड सोडला तर रोज सकाळी साडेअकराचा खेळ. स्टेशनाच्या रांगेत टॅक्सी लावणाऱ्या एका चालकानं तीस वर्षांत तो बघितलेला नाही. सकाळी धंद्याची वेळ असते हे खरं, पण त्यांचं खरं कारण दुसरं होतं: "जातोय कुठं? कधी पण बघू." परगावाहून लोक खास येऊन बघून जातात. हे रोज त्यांना सोडायला येतात.

'कधी पण बघू' हे सगळ्यात मोठं कारण आहे, आता तर फारच मोठं, कारण सगळे सिनेमे फोनमध्ये आहेत असा आपला समज झालाय. 'संत तुकाराम' खरोखर आहे. विष्णुपंत पागनीसांचा, १९३६चा, व्हेनिसला जगातल्या तीन उत्कृष्ट सिनेमांत निवडलेला. फुकट दिसतो. बघत नाही ती आपली मर्जी. पण हा समज 'आलम आरा'ला लावून बघा. पहिला भारतीय बोलपट, १४ मार्च १९३१, गिरगावचं मॅजेस्टिक, गर्दी आवरायला पोलीस. स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात त्याचं नाव आहे. त्याची एकही प्रत आज कुठं असल्याचं माहीत नाही. त्याचं एकही मिनिट आता कुणाला दिसू शकत नाही.

'राजा हरिश्चंद्र'ही जवळपास तसाच. दादासाहेब फाळक्यांनी ३ मे १९१३ला गिरगावातल्याच कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आणला. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं आज संग्रहालयात आहे, आणि काही अभ्यासकांच्या मते ती दोन्ही रिळं १९१३ची नसून फाळक्यांनी १९१७ला तोच विषय पुन्हा केला त्यातली आहेत. तसं असेल तर शाळेतल्या प्रत्येक पोराला नाव पाठ असलेला भारताचा पहिला सिनेमा आज जिवंत असलेल्या कुणीच पाहिलेला नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा १९२५चा 'सावकारी पाश', ज्यात शांताराम तरुण शेतकरी झाले होते, तो मूकपट गेला. हजारावर मूकपट झाले असतील. उरले ते फार थोडे, तेही बरेचसे तुकड्यांत.

गेले कसे? जुनी फिल्म नायट्रेटची. ती भडकते, विझवता येत नाही. शिवाय फिल्ममध्ये चांदी असते. सिनेमा उतरला की रिळं किलोवर विकली जायची, धुऊन चांदी काढली की उरलेली पट्टी कचऱ्यात. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, जुना सिनेमा पुन्हा कोण बघणार होतं? पुण्यात १९६४ला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं आणि पी. के. नायर नावाचा माणूस गावोगाव हिंडून डबे गोळा करत राहिला. फाळक्यांची रिळं त्यांनी नाशिकला त्यांच्या कुटुंबाकडून मिळवली. तरी जानेवारी २००३मध्ये पुण्यातल्या जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या कोठीला आग लागली आणि नायट्रेटच्या हजारो रिळांचा कोळसा झाला. त्यात प्रभातचाही ठेवा होता.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावातल्या बंद टॉकीजच्या प्रोजेक्टरच्या खोलीत, वितरक असलेल्या आजोबांच्या माळ्यावर, जत्रेत तंबू नेणाऱ्या कुणाच्या पडवीत पत्र्याचे गोल डबे पडले असतील, तर ते भंगारवाल्याला देऊ नका. आंबूस, शिरक्यासारखा वास येत असेल तर फिल्म सडू लागली आहे, पण गेलेली नाही. १९५०च्या आधीची वाटली तर उन्हात, चुलीजवळ, बंद गाडीत ठेवू नका आणि स्वतः उलगडायला जाऊ नका. डब्यावरचं नाव पुसट असलं तरी लिहून घ्या, फोटो काढा आणि पुण्यात लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. डब्यात काय आहे हे त्यांना ठरवू द्या.